गाडी कुठल्या रस्त्यानं चालती?

ऐंशीच्या दशकातल्या परळीत गाडी नजरेस पडायच्या आधी कानावर यायची. थर्मलच्या, म्हणजे औष्णिक वीज केंद्राच्या रस्त्यानं रिकामा ट्रक येत असला की कमानपाट्यांचा खळखळाट लांबूनच कळायचा. तोच ट्रक भरून परतताना मुका असायचा, फक्त इंजिन धापा टाकायचं. अंबाजोगाईकडून डोंगर उतरून आलेली काळी-पिवळी जीप स्टँडापाशी वळली की पुढच्या शॅकलमधून कुरकुर निघायची. फियाट बारीक खड्ड्यांवर टकटक करायची, अँबॅसेडर जड अंगानं धप्पकन बसायची. आमच्या वडिलांचं स्पेअर पार्ट्‌सचं दुकान होतं. गल्ल्याशेजारी बसून मी आणि माझा थोरला भाऊ आवाजावरून ओळखायचो की आता कोण येणार आणि काय मागणार. बहुतेक वेळा मागणी ठरलेली असायची, “शेठ, बुश द्या.”

बुश ही मुठीत मावणारी वस्तू. आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी नळी आणि मधे रबर, एवढंच तिचं अंग. पण पुढचं चाक ज्या आर्मवर वरखाली होतं, तो आर्म चॅसीला जिथे जोडलेला असतो तिथे हाच तुकडा बसतो. खड्ड्याचा दणका, ब्रेकची ओढ, वळणावरचा रेटा हे सगळं आधी त्याच्या अंगावर येतं आणि मग गाडीतल्या माणसापर्यंत पोचतं. बुश मऊ असला तर बसणारा सुखात राहतो, पण स्टिअरिंग सैल लागतं. कडक असला तर स्टिअरिंग नेमकं चालतं आणि बसणाऱ्याची हाडं खिळखिळी होतात. या दोन टोकांमधली आपल्या गाडीची जागा शोधायची, याचं नाव बुश निवडणं. ही निवड तेव्हा परळीत कशी व्हायची आणि आज कशी होते, दोन्ही मी जवळून पाहिलं आहे. मधल्या काळात माल सुधारला, यंत्रं सुधारली, मोजमाप सुधारलं. निवडीचा पहिला प्रश्न तेवढा मागे पडला. तो परत यावा, असं मला मनापासून वाटतं.

हा प्रश्न विचारायचे आमच्या दुकानासमोरच्या गॅरेजातले उस्ताद. गाडी पुढ्यात आली की ते लगेच खाली शिरायचे नाहीत. हात पुसत मालकाला विचारायचे, “गाडी कुठल्या रस्त्यानं चालती? भरून चालती का रिकामी?” गंगाखेडचा रस्ता म्हटलं की त्यांचं एक उत्तर, अंबाजोगाईचा म्हटलं की दुसरं आणि सिरसाळ्याकडे शेतात जाणारी गाडी म्हटलं की तिसरं. दुकानात बुश एकाच मापाचा असला तरी कुणाला कुठला द्यायचा, हे या उत्तरावरून ठरायचं.

यामागे परळीची जमीन होती. गाव बालाघाटाच्या पायथ्याशी. एका बाजूला डोंगराचा मुरूम आणि खडक, दुसऱ्या बाजूला गोदावरीकडे पसरत गेलेली काळी रेगड. रेगड पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता दर पावसाळ्यानंतर लाटा धरतो. अशा रस्त्यावर चाक लांब हेलकावे खातं, आर्म मोठा फेर घेतो आणि मधलं रबर पुन्हा पुन्हा पिळलं जातं. खडी उखडलेल्या डोंगराच्या रस्त्यावर फेर लहान पण ठोके अखंड, म्हणून तिथे रबर चेंगरतं. पिळून मेलेल्या बुशाला गोल चीर पडते, चेंगरून मेलेला एका अंगाला पातळ होतो. उस्ताद शाळा फारशी शिकले नव्हते, पण हा फरक त्यांना गाडी उघडायच्या आधीच ठाऊक असायचा. रेगडीच्या गाडीला ते थोडा मऊ बुश घालायचे आणि खडीच्या गाडीला कडक. अंगठ्याचं नख रबरात रुतवून किती दबतं ते पाहायचं, हेच त्यांचं मोजमाप.

दुसरी गोष्ट राखेची. परळीच्या थर्मलचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला, ३० मेगावॅटचा. पुढे १९८० ते १९८७ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले आणि गावाचं रूपच बदललं. कॉलनी वसली, इंजिनिअर आले, ठेकेदार आले, त्यांच्या गाड्या आल्या. राखही आली. आपल्याकडच्या कोळशात राखेचं प्रमाण साधारण ३० ते ४० टक्के असतं आणि त्या राखेत मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना, म्हणजे धातू घासणारेच पदार्थ. जीपच्या आणि ट्रकच्या कमानीला तेव्हा धातूचे बुश असायचे. त्यात पिन फिरायची आणि बाहेरच्या निप्पलमधून ग्रीस भरायचं. ग्रीसला राख चिकटली की त्याचा पॉलिशपेपर व्हायचा आणि वंगण म्हणून घातलेली वस्तूच पिन खाऊ लागायची. म्हणून राख वाहणाऱ्या गाड्यांना उस्ताद ग्रीसगन अशी मारायचे की जुनं काळं ग्रीस पुरतं बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसू लागेल. नुसतं वरून भरलेलं त्यांना चालत नसे. नळीला चिकटवलेल्या रबरी बुशात फिरणारी जागाच नसते, सगळी हालचाल रबराच्या पोटातच होते, त्यामुळे राखेला आत शिरायला वाट मिळत नाही. फियाटचे रबरी बुश परळीच्या धुळीत टिकायचे आणि जीपच्या पितळी बुशांना सतत डॉक्टर लागायचा, त्याचं कारण हे.

मालाची मात्र टंचाई होती. पुण्याच्या नाना पेठेतून, मुंबईच्या ऑपेरा हाउसच्या बाजारातून पेट्या यायच्या. लातूर जवळ, पण तिथेही सगळी मापं मिळतीलच असं नव्हतं. मग उस्ताद आणि शेजारचा लेथवाला मिळून बुश घडवायचे. ट्रकसाठी पितळ किंवा गनमेटल. हलक्या जागी नायलॉनचा रॉड कातून. मापं सुतात बोलली जायची आणि शेवटचा बारीक घास व्हर्निअर लावून घेतला जायचा. नायलॉन ओल शोषून फुगतं. मे महिन्यात पिनेवर घट्ट कातलेला बुश जुलैत पिनेला आवळून धरायचा. म्हणून उन्हाळ्यात कातताना उस्ताद लेथवाल्याला सांगायचे, “पावसाची जागा ठेव.” अभियांत्रिकीच्या पुस्तकात हा नियम पॉलिमरच्या प्रकरणात, आर्द्रतेच्या मथळ्याखाली येतो. मी तो पहिल्यांदा लेथच्या किसाशेजारी उभा राहून ऐकला.

रबराचीही अशीच युक्ती होती. कोळसा वाहून नेणारा जुना कन्व्हेअर पट्टा लिलावाच्या भंगारात निघायचा. त्याच्या चकत्या पंचानं पाडून शॉकअपच्या वरच्या डोक्यात आणि बॉडीच्या माउंटिंगखाली बसवल्या जायच्या. पट्ट्याच्या रबरात कापडाचे थर असतात. दाबाखाली ते उत्तम काम करतं, पिळाखाली थर सुटतात. म्हणून चकती म्हणून तो पट्टा चालायचा, पण आर्मच्या बुशात घालायला उस्तादांची सक्त मनाई असायची. कुणी आग्रह धरला तर ते काम दुसऱ्या गॅरेजला पाठवायचे.

दसरा उलटला की गॅरेजात श्वास घ्यायला सवड नसायची. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात निघायच्या. मुकादम ट्रक ठरवायचे आणि त्या ट्रकांमध्ये माणसं, लेकरं, भांडीकुंडी, कोयते, कधी शेळ्याही चढायच्या. या ट्रकांच्या कमानी आधी उतरवून पाहिल्या जायच्या. तुटका मेन पाटा, ढिला यू बोल्ट, घासलेली शॅकल पिन. त्या कामात उस्ताद कुणाची घाई चालू द्यायचे नाहीत. “यात माणसं बसणार हायत,” एवढंच म्हणायचे. बुश हा सुखसोयीचा भाग आहे असं शहरात कुणी म्हटलं की मला ते ट्रक आठवतात. पुढची कमान सरकली तर अख्खा एक्सल तिरका होतो आणि स्टिअरिंग हातात असूनही गाडी भलतीकडे जाते. टोळीच्या ट्रकात त्या बुशावर पन्नास जणांचा जीव टांगलेला असायचा.

बसवण्याची रीतही उस्तादांकडून पाहिली. जुना बुश काढायला हायड्रॉलिक प्रेस नव्हता. व्हाइस, पाइपचा तुकडा, जुना सॉकेट आणि हातोडा. अगदी अडलं तर रबर जाळायचं आणि बाहेरची नळी हॅकसॉनं चिरायची, आर्मला ओरखडा न येऊ देता. नवा बुश साबणाच्या पाण्यानं सरकवायचा. ऑइल किंवा ग्रीस लावायचं नाही, कारण खनिज तेलानं नैसर्गिक रबर फुगतं आणि सडतं. शेवटी सगळ्यात मोठा नियम. गाडी जॅकवर असताना बोल्ट नुसते अडकवून ठेवायचे. गाडी चाकांवर उतरवायची, पुढून दोनदा दाबून हलवायची आणि मगच खाली शिरून नट कसायचे. चाक लोंबकळत असताना नट कसला तर रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं. गाडी खाली येताच ते कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. वाकून, मातीत पाठ टेकून नट कसायला त्रास पडतो. उस्तादांनी तो त्रास कधी वाचवला नाही.

याच गॅरेजात मी पहिल्यांदा स्पोर्ट्‌स कारचं हाडामांसाचं शरीर पाहिलं. कॉलनीतल्या एका इंजिनिअरसाहेबांकडे स्टँडर्ड हेरल्ड होती. मद्रासला १९६१ पासून बनणारी ही गाडी ब्रिटनच्या ट्रायम्फ हेरल्डची भारतीय बहीण. तिचं बॉनेट अख्खं पुढच्या बाजूला उलटायचं, मडगार्डांसकट. पुढची दोन्ही चाकं, वरचे-खालचे विशबोन, स्प्रिंग, स्टिअरिंगची रॅक, सगळं उघडं पडायचं आणि आम्ही मुलं त्याभोवती कोंडाळं करायचो. वळायला गाडीला जेमतेम २५ फुटांचं वर्तुळ लागायचं, त्यामुळे परळीच्या बोळातून ती एका दमात फिरायची. ट्रायम्फनं १९६२ साली स्पिटफायर ही दोन सीटांची स्पोर्ट्‌स कार काढली, ती हेरल्डच्याच पुढच्या सस्पेन्शनवर. लोटसच्या एलानलाही पुढच्या चाकांचे उभे दांडे ट्रायम्फचेच. आमच्या धुळीत उभ्या असलेल्या त्या साध्या घरगुती गाडीचा सांगाडा जगातल्या नावाजलेल्या स्पोर्ट्‌स कारचा होता. हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर ऊर अभिमानानं भरून आला. त्या गाडीच्या खालच्या सांध्याला, ट्रनियनला, ग्रीस चालत नाही. गिअरचं घट्ट तेल लागतं, नाहीतर आटे कोरडे पडून दांडा तुटतो आणि चाक आडवं होतं. उस्तादांनी त्यासाठी तेलाची वेगळी गन ठेवली होती आणि तिला लाल चिंधी बांधली होती, म्हणजे पोऱ्यानं चुकूनही ग्रीस भरू नये.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये दिल्लीला रस्त्यावर उतरली. परळीला ती दिसेपर्यंत आणखी काही काळ गेला, पण आली ती सगळा हिशोब बदलत. पुढे एकच खालचा आर्म, वर मॅकफर्सन स्ट्रट, आणि आर्मला पुढेमागे धरून ठेवायचं काम स्टॅबिलायझर बारकडे. म्हणजे ब्रेकचा सगळा जोर बारच्या टोकाच्या लहान रबरांवर. सुटे भाग हलके झाले, स्वस्त झाले, सगळीकडे मिळू लागले. अँबॅसेडर २०१४ साली थांबली, त्याआधीच पद्मिनी गेली. हेरल्ड आणि तिची धाकटी बहीण गॅझेल तर कधीच इतिहासजमा झाल्या होत्या. गॅरेजासमोरचे आवाज एकेक करून बंद होत गेले.

आता आजचं सांगतो.

माझा भाचा पुण्यात इंजिनिअर झाला आणि नोकरीनिमित्त इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला गेला. टाटांनी २००८ साली जग्वार लँड रोव्हर विकत घेतल्यापासून पुणे-पिंपरीची पुष्कळ मराठी मुलं त्या भागात दिसतात. तिथल्या कॅनलीच्या कारखान्यात १९८० पर्यंत स्पिटफायर बनायची. भाच्यानं जुनी स्पिटफायर घेतली आणि पुढचे सगळे बुश बदलायचे ठरवले. त्यानं फोन केला, “मामा, इथे पर्याय इतके आहेत की डोकं चालत नाही. कंपनीसारखं रबर घेऊ, पॉलियुरेथेन घेऊ, की थेट रेसवाले धातूचे सांधे लावू?” मी त्याला उस्तादांचा प्रश्न विचारला, “गाडी कुठल्या रस्त्यानं चालते?” त्याच्याकडे सगळ्या उत्पादकांची माहितीपत्रकं होती, हा प्रश्न त्यांपैकी कुठेच नव्हता.

पर्याय खरोखर समजून घेण्यासारखे आहेत. रबर पक्कं करायची व्हल्कनायझेशनची कृती चार्ल्स गुडइअरनं १८३९ मध्ये शोधली. पॉलियुरेथेनचं रसायन जर्मनीत ओटो बायरनं १९३७ मध्ये मांडलं. गॅरेजात त्याला पीयू म्हणतात. आता कठीणपणा नखानं पाहत नाहीत, शोअर ए या मापात सांगतात. गाडीच्या कंपनीचं रबर साधारण ५० ते ७० च्या दरम्यान असतं, पीयू ७० पासून ९५ पर्यंत मिळतं. उत्पादक ते जांभळ्या, पिवळ्या, लाल, काळ्या रंगात देतात, पण एका उत्पादकाचा रंग दुसऱ्याच्या कठीणपणाशी जुळत नाही. म्हणून रंग पाहून माल घेऊ नये, आकडा विचारावा. पीयूमध्येही जात असते. पॉलिएस्टर जातीचा माल उष्णता आणि ओल एकत्र आली की आतून फुटत जातो, पॉलिएथर जातीचा ओलीला जास्त टिकतो. कोकणात किंवा विलायतेत चालणाऱ्या गाडीसाठी हे विचारलंच पाहिजे.

रबराचा बुश स्वतःच्या अंगात पिळला जातो. पीयूचा बुश नळीभोवती फिरतो. फिरणाऱ्या वस्तूला वंगण लागतं, म्हणून पीयूबरोबर त्याचं चिकट सिलिकॉन ग्रीस येतं. ते नीट लावलं नाही की तो चूं-चूं करतो. फिरतो म्हणून गाडी जमिनीवर उतरवून कसण्याचा जुना नियम त्याला तितकासा लागू नाही. पण फिरतो म्हणूनच धूळ त्याच्या सांध्यात शिरू शकते. धातूचा गोल सांधा, ज्याला रोझ जॉइंट म्हणतात, तो तर अजिबात दबत नाही. स्टिअरिंग सुईसारखं नेमकं होतं, पण रस्त्याचा प्रत्येक खडा थेट चॅसीत जातो आणि उघड्या धुळीत तो लवकर ढिला होतो. शर्यतीच्या ट्रॅकवर हे चालतं, कारण तिथे दर शर्यतीनंतर गाडी उघडतात.

सगळ्यात महत्त्वाचा भेद आर्मच्या घडणीचा. स्पिटफायरच्या विशबोनचे आतले बुश दरवाजाच्या बिजागरीसारखे एकाच आसाभोवती फिरतात. अशा जागी पीयू बेलाशक घालावं, कारण फक्त फिरणंच अपेक्षित आहे. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे इंग्रजी एल अक्षरासारखा एकच आर्म असतो. त्याचा पुढचा बुश कडक, चाकाला आडवं धरून ठेवणारा. मागचा बुश मोठा आणि मुद्दाम मऊ, कधी आत पोकळ्या ठेवलेला. खड्डा बसला की चाक किंचित मागे सरकतं आणि दणका विरतो. त्या मऊ जागी कडक पीयू घातलं तर दणका सबफ्रेमवर जातो आणि आर्मला ज्या दोन-तीन दिशांनी वळायचं असतं तिथे तो अडतो. कंपनीच्या इंजिनिअरनं विचार करून ठेवलेली मऊ जागा दोष समजून भरून टाकणं, हा आजच्या हौशी बदलांमधला सगळ्यात महागडा गैरसमज आहे.

भाच्यानं प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे दिलं. गाडी रविवारी गावाकडच्या अरुंद रस्त्यांवर चालणार, हिवाळ्यात फार कमी. शेल्सली वॉल्शच्या चढावर १९०५ पासून शर्यती होतात, तिथे कधीतरी भाग घ्यायचं त्याचं स्वप्न. रस्ते ओले, थंडीत मीठ टाकलेले. गाडीचं वजन सातशे-आठशे किलो, म्हणजे आपल्या आताच्या बऱ्याच हॅचबॅकपेक्षाही कमी. एवढ्यावरून निवड आपोआप सुचत गेली. आतल्या चारही बिजागरींना ८० च्या आसपासचं पीयू, आतल्या नळ्या स्टेनलेस स्टीलच्या, कारण तिथे रबराआधी लोखंड गंजतं. स्टिअरिंगच्या रॅकचे रबरी माउंट आधी बदलायचे, कारण स्टिअरिंगचा अर्धा सैलपणा तिथूनच येतो. शॉकअपच्या डोक्यातलं रबर साधं ठेवायचं, हलक्या गाडीला तिथे मऊपणा हवा. धातूचे सांधे नकोत. ट्रनियनला गिअर ऑइल. आणि काम झाल्यावर चाकांचं अलाइनमेंट. भाच्यानं सगळं तसं केलं. आता तो मला गाडीचा आवाज फोनवर ऐकवतो आणि मी डोळे मिटून ऐकतो.

परळीतही आज सगळं बदललं आहे. थर्मलचे जुने संच बंद झाले, २००७ पासून २५० मेगावॅटचे नवे संच आले. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी वीजनिर्मिती थांबली तेव्हा वाहतूक थंडावली आणि गॅरेजंही सुनी पडली. एका कारखान्यावर किती पाने-हातोडे चालतात ते तेव्हा दिसलं. राख आता वीटभट्ट्यांना आणि सिमेंटला लागते, तिचे ट्रक आणि टँकर दिवसरात्र फिरतात. बऱ्याच रस्त्यांचं सिमेंट काँक्रीट झालं. रेगडीच्या लाटा त्यावर कमी दिसतात, पण सांध्यावरचा ठोका ठराविक अंतरानं बसत राहतो आणि वेग वाढल्यानं तो जास्त जोरात बसतो. गावात महिंद्रा थार दिसते. २०१० च्या थारला पुढे टॉर्शन बार होता आणि मागे कमानपाटे. २०२० च्या थारला चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग आहेत. जीपच्या शॅकलमध्ये ग्रीस मारणाऱ्या पोरांची मुलं आज टॉर्क रेंच लावून नट कसतात. संगणकावर अलाइनमेंट होतं, प्रेसमध्ये बुश एका मिनिटात बसतो, हवा तो माल चार दिवसांत घरपोच येतो. हे सगळं चांगलं आहे. उस्तादांना हा प्रेस मिळाला असता तर त्यांची पाठ वाचली असती, असं मला नेहमी वाटतं.

पण वेळ कमी झाला आणि वेळेबरोबर चौकशी कमी झाली. बुश खराब झाला की अख्खा आर्म बदलतात, कारण बऱ्याच गाड्यांना सुटा बुश मिळतच नाही. जुना आर्म भंगारात जातो आणि त्याच्याबरोबर तो का गेला याचं उत्तरही जातं. स्विफ्ट किंवा पोलो घेतलेला तरुण मोबाइलवर लाल पीयूचा सेट दाखवतो, दुकानदार मागवून देतो, मेकॅनिक बसवतो. तिघांपैकी कुणी रस्त्याचं नाव काढत नाही. त्या तरुणाची गाडीवरची माया खरी असते, पैसे कष्टाचे असतात. त्याला योग्य प्रश्न विचारणारं माणूस भेटायला हवं.

उस्तादांची आणखी एक सवय होती. काम झालं की काढलेला जुना बुश ते कागदात गुंडाळून मालकाच्या हातात द्यायचे आणि तो वाचून दाखवायचे. गोल चीर असेल तर लाटांच्या रस्त्यावर पिळून गेला. एका अंगाला पातळ असेल तर भार जास्त किंवा ठोके फार. नवा असूनही नळीपाशी फाटला असेल तर मागच्या माणसानं गाडी हवेत ठेवूनच नट कसला. वरवर बारीक भेगा असतील तर नुसतं वय झालं. फुगून चिकट झाला असेल तर वरून कुठून तरी ऑइल गळतं, आधी ते बंद करा, नाहीतर नवाही असाच जाईल. मालक घरी जाताना आपल्या गाडीबद्दल काहीतरी शिकून जायचा.

परळीच्या गॅरेजांत आज काम करणाऱ्या आणि आयटीआयमधून नव्यानं येणाऱ्या मुलांना माझं एवढंच सांगणं आहे. माल रबरी घ्या, पीयू घ्या, कंपनीचा घ्या, बाहेरचा घ्या, निवड तुमची. फक्त आर्म भंगारात टाकण्याआधी त्यातला बुश उजेडात धरा, कुठे झिजला ते पाहा आणि गाडीच्या मालकाला दाखवा. मग त्याला विचारा, गाडी कुठल्या रस्त्यानं चालते, भरून चालते की रिकामी. या दोन उत्तरांवर निवडलेला बुश स्वस्त असो वा महाग, त्या गाडीचा असेल.